दीड सेंटिमीटर

सॉफ्टवेअरवाल्या कंपनीला फोनवर फैलावर घ्यायचं म्हणून ती तरातरा बाहेर निघाली आणि दारातच एका चष्मेवाल्यावर आदळता आदळता राहिली. तिच्या सकाळच्या तक्रारीवरून कंपनीने पाठवलेला इंजिनिअर तोच होता.

ती रेडिओलॉजिस्ट. दिवसभर सीटी स्कॅन वाचायचे. नव्या सॉफ्टवेअरमध्ये एकच छाती तीन बाजूंनी दिसायची — आडवी, समोरून, कडेने. एका चित्रात बोट ठेवलं की बाकी दोन्हींत तीच जागा दाखवली जायची. पण आज एका आजोबांच्या फुप्फुसातली गाठ समोरून दिसणाऱ्या चित्रात दीड सेंटिमीटर खाली दाखवली जात होती. आणि उद्या त्याच खुणेवरून, गाठीचा तुकडा तपासायला काढण्यासाठी, सुई घालायची होती.

इंजिनिअरने मवाळपणे सुचवलं, की बहुधा वापरणाऱ्याचीच चूक असते. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने खुर्ची पुढे सरकवली.

"बसा. आणि माझी चूक मला दाखवा."

दोन तास तो मान खाली घालून बसला. हळूहळू त्याचे कान लाल होत गेले.

"चूक माझी आहे," तो म्हणाला. "स्कॅनमध्ये छातीचे जे आडवे काप दिसतात, त्यांच्यामधलं अंतर सगळीकडे सारखंच असणार, असं मी धरून चाललो... इथे ते नाहीये."

मग त्याच्या साहेबांचा फोन आला. अहवालात 'वापरातली चूक' असंच लिहा, हे तिलाही ऐकू आलं. त्याने फोन ठेवला आणि तिच्यासमोरच हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या सगळ्या हॉस्पिटलांना खरा दोष कळवून टाकला. ती मात्र एवढंच म्हणाली, हे आधीच तपासायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने आडव्या चित्रावरून जागा मोजली आणि आजोबांची सुई नेमकी जागेवर गेली. तीन आठवड्यांनी दुरुस्त सॉफ्टवेअर घेऊन दुसराच माणूस आला. पहिल्याला कधीच नारळ दिला, म्हणाला. ती उभी पेटली — कंपनीवर, स्वतःवर, आणि सगळ्यात जास्त त्याच्यावर. तिने त्याला फोन लावला.

"नोकरी गेली हे मला तिसऱ्याकडून कळावं?"

"तुम्ही रागवाल म्हणून..."

"मी रागावलेलीच आहे."

तो हळूच म्हणाला, "रोज फोन हातात घ्यायचो. पण तुमच्याशी बोलायला निमित्त म्हणून... काही बिघडलेलंच नव्हतं."

तिच्या गालांवर ऊन आल्यासारखं झालं. आवाज मात्र तिने कडकच ठेवला. पाचला सुटते, समोरच्या कॉफीच्या दुकानात या, म्हणाली.

"आणि माझा राग गेलाय असं समजू नका. त्याला वेळ लागेल."

"लागू दे की," तो म्हणाला. "सध्या माझ्याकडे वेळच वेळ आहे."

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा हसली... आणि ते त्याला ऐकू गेलं, म्हणून पुन्हा रागावली.