मरोळच्या चढावर

आमच्या पार्ल्याच्या फाटकात दत्ताराम पहिल्यांदा उभा राहिला आणि मला म्हणाला, "बाई, जुनी लुगडी आहेत का?" मला वाटलं, बोहारीण सोडून हा कोण बाप्या आला!

ही पंचावन्न सालची गोष्ट. माझ्या वडिलांनी, आप्पांनी, सत्तावीस साली घेतलेली मोटार घाटकोपरच्या एका डॉक्टरांना विकली होती. ती बिचारी चालेना, म्हणून दत्तारामच्या ट्रकमागच्या ट्रेलरवर घालून न्यायची. दोरखंड रंगावर घासू नयेत म्हणून खाली लुगडी हवी होती. एक जरी ओरखडा उठला तर नोकरी सोड आणि गावी जायला मालवणची बोट धर, असं दत्तारामला त्याच्या शेठनं बजावलं होतं. हे त्यानंच मला सांगितलं, हसत हसत. चार दिवस तो चाकं, ब्रेक बघायला येत होता आणि चार दिवस मी ओट्यावर बसून तांदूळ निवडत होते... एरवी मी तांदळाला हात लावत नसे.

पाचव्या दिवशी त्यानं मोटार वर चढवली, दोर ताणून बांधले, मागच्या चाकांना लाकडी पाचरी ठोकल्या आणि हात धुवायला गेला. तेवढ्यात आईनं हुकूम सोडला, चाकांखाली लिंबू ठेव गं. ठेवायला गेले तर पाचरी आड येत होत्या. मग काय, दोन्ही काढल्या. शहाणी ना मी!

ट्रकमध्ये आप्पा मध्ये बसले, मी खिडकीशी. मरोळच्या चढावर मागून करकर आवाज आला. दत्तारामनं ट्रक कडेला घेतला. मोटार वीतभर मागे सरकली होती आणि एकाच दोरावर अडली होती. त्यानं चाकांना दगड लावले, दोर आवळले, मग खाली वाकला. ठेचलेली लिंबं त्याला दिसली. त्यानं माझ्याकडे पाहिलं...

आप्पा भडकले. आजच शेठच्या कानावर घालतो म्हणाले.

"माझंच चुकलं," दत्ताराम म्हणाला. "पाचरी राहिल्या."

गप्प बसले असते तर हा कायमचा गेला असता.

"आप्पा, पाचरी मी काढल्या. लिंबासाठी."

आप्पांनी कपाळावर हात मारला आणि ट्रकमध्ये जाऊन बसले.

डॉक्टरांनी मोटारीभोवती दोनदा फेरी मारली. ओरखडा एकही नव्हता. आप्पा त्यांच्याबरोबर आत चहाला गेले.

"खोटं का बोललात?" मी विचारलं.

"तुम्हाला बोलणी बसली असती. ती ऐकवली नसती मला."

मला त्याचा भयंकर राग आला. आणि तितकाच आवडला तो, अगदी खरं सांगते.

"रविवारी पार्ल्याला येईन म्हणतो," तो घसा खाकरून म्हणाला. "आप्पांना... एक विचारायचं आहे."

"आप्पांना मागाहून," मी म्हटलं. "आधी मला विचारा."

त्यानं विचारलं — भर उन्हात, लोकांच्या दारात. आप्पा चहा पिऊन बाहेर आले तोवर मी हो म्हणून मोकळी झाले होते.