थेंब पुढं की मागं

सुधीरच्या मोटरसायकलखाली रुपयाएवढा काळा डाग पडला होता. गेले चार दिवस रोज पडत होता, आणि जेवणं उरकल्यावर ओटीवर त्याचाच विषय निघाला होता. शुक्रवार असल्यामुळे भिवंडीतले लूम बंद होते. रोजची खडखड थांबली की या गावात कान कसे रिकामे रिकामे वाटतात. त्यात वीजही गेलेली.

"किरकोळ आहे गं," सुधीर बहिणीला म्हणाला. "आज ना उद्या बघू."

"उद्या उद्या करत गणपती होऊन गेले," नीला म्हणाली. "गाडी आहे का तेलाचा घाणा?"

"बरं बाई, सकाळी कळेल. आता झोपताना खाली मूठभर पीठ टाकून ठेवतो. थेंब नेमका कुठे पडतो ते दिसलं की झालं."

चिंतामणीकाका खुर्चीत बसून सुपारी कातरत होते. राहनाळच्या शाळेत तीस वर्षं मास्तरकी केलेला माणूस. त्यांचा अडकित्ता थांबला.

"पीठ टाकायचं नाही," ते म्हणाले.

आवाज चढवला नव्हता.

"का हो काका?"

काकांनी सुपारीचं खांड तोंडात टाकलं. मग सांगू लागले.

माझा एक विद्यार्थी होता, दामू. राहनाळचाच. शिक्षणात यथातथा, पण हाताला मोठा गुण. पुढे भिवंडीत जॉबर झाला, म्हणजे बिघडलेले लूम दुरुस्त करणारा. दहा कारखान्यांचे लूम नीट करायचा, आणि स्वतःच्या मोटरसायकलचं तेल गळत होतं तिकडे मात्र काणाडोळा. सोनाराच्याच बायकोचे कान बुच्चे, तशातली गत.

सन अठ्ठ्याऐंशी. दिवाळी होऊन आठवडा झालेला. तारीख अठरा नोव्हेंबर, वार शुक्रवार. त्याच्या बायकोला, चंद्राला, पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी पोचवायची होती. माहेर पडघ्याच्या पुढे. सातवा महिना सरत आलेला. आठव्यात लेकीसुनांना हलवत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे. म्हणजे शनिवार हाच काय तो शेवटचा दिवस. दामूच्या आईचं, बायजाबाईचं, एकच पालुपद. "यष्टीनं ने पोरीला." आणि दामूचं उत्तर ठरलेलं. "यष्टीत चेंगरंल ती. गाडी कशापाई घेतली मग?" त्याला सासुरवाडीच्या अंगणात स्वतःच्या गाडीवरून उतरायचं होतं. माणसाची हौस असते.

तेव्हा शुक्रवारी सकाळी तो गाडी दाखवायला शौकत मिस्त्रीकडे घेऊन गेला. शौकतने वाकून बघितलं, बोटाला तेल लावून वास घेतला.

"लीक मामूली है," तो म्हणाला. "लेकिन इंजिन उतारना पडेगा. दो दिन की छुट्टी."

"दो दिन न्हाय जमत. उद्या बायकोला पोचवायची हाय."

"तो फिर सुन. तेल अगर इंजिन के नीचे टपकता है, तो साल भर चला, कुछ नहीं होगा. लेकिन पिछले चक्के पे जाता है, तो गाडी फिसलेगी. बीवी को मत बिठाना. पेट से है ना?"

"कसं समजायचं?"

"रात को नीचे आटा बिछा दे. सुबह बूँद दिख जाएगी. आगे गिरी तो जा. पीछे गिरी तो मत जा."

शौकत भला माणूस. त्याने सांगितलं ते बरोबरच होतं. त्याच्या घरी पिठाचा जो अर्थ होता, तोच त्याने सांगितला.

रात्री दहाच्या सुमाराला दामूने गाडी पडवीत घेतली. तोंड रस्त्याकडे, मागचं चाक दाराकडे. पडवी अरुंद. चाक आणि उंबरठा यांच्यामध्ये जेमतेम चार बोटं जागा. दामूने तांदळाचं पीठ आणून पुढच्या चाकापासून थेट उंबरठ्यापर्यंत पातळ पसरलं आणि हात झटकून आत जाऊन झोपला. वीज गेली होती. चंद्राला रात्रीतून दोनदा तरी उठावं लागायचं. अंधारात गाडीची ठेच लागायला नको, म्हणून तिने रॉकेलची चिमणी पेटवली आणि पिठाच्या कडेला नेऊन ठेवली.

पीठ नवऱ्याने पसरलं. दिवा बायकोने ठेवला. दोन्ही मिळून काय मांडलं गेलं, ते दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

काका थांबले. नीलाने खाली सोडलेले पाय हळूच बाकावर घेतले.

दोन वाजता बायजाबाई पाणी प्यायला उठली. चंद्र मावळला होता. दारातून तिने पडवीत पाहिलं, आणि तिथेच भिंतीला धरून उभी राहिली. मग तिने दामूला हलवलं.

"दामू," ती म्हणाली. "घरात कोन गेलं रं?"

दामू डोळे चोळत उठला. "कोन जाणार? झोप की आये."

"मंग पीठ कुनासाठी पसरलंय?"

आता दामूच्या ध्यानात आलं. घरात माणूस वारला की त्या जागी पीठ पसरायचं. शेजारी दिवा. वर टोपली झाकायची, आणि सकाळी उघडून बघायचं. ज्या जिवाचा ठसा पिठात उमटेल, त्या जन्माला आपला माणूस गेला. आपल्याकडे हे लहान पोरालाही माहीत असतं. दामूलाही होतं. पण त्याच्या डोक्यात थेंब होता.

"गाडीचं तेल बघाया टाकलंय गं. मिस्त्री बोलला."

"मिस्त्रीला काय ठावं?" बायजाबाई कुजबुजली. "पीठ आन् दिवा मांडला म्हंजी आवतान झालं. ज्याचा ठसा कुठं उमटला न्हाय, त्यो येतो." मग तिने विचारलं, "ही गाडी कुनाची रं व्हती?"

दामूने नजर चिमणीकडे वळवली.

घरी त्याने सांगितलं होतं, की कशेळीच्या केसरीनाथने टेम्पो घेतला म्हणून मोटरसायकल काढून टाकली. ते खोटं होतं. केसरीनाथ पावसाळ्यात काविळीने गेला होता. गाडी विकली ती त्याच्या बायकोने, राहीबाईने. चावी हातात देताना ती सहज बोलून गेली होती, "सकाळी टोपली उचलली, तं पीठ जसं टाकलं तसं. मुंगीचं पाऊल बी न्हाय. आमचा मानूस कुठं गेलाच न्हाय, भावा." दामूने तेव्हा मान हलवली, आणि गाडीला किक मारली होती.

हे सगळं त्याने आईला त्या रात्री, त्या पडवीच्या दारात सांगितलं.

दामू झाडू घ्यायला वळला तसं बायजाबाईने मनगट धरलं. "राती केर काढत न्हाईत. आन् हे पीठ तं उजाडल्याबगर हलवायचंच न्हाय. दिवा बी विझवू नको. बस हितं. मी पोरीपाशी जाते."

ती आत गेली. दामू उंबरठ्याच्या आत बसून राहिला.

लूम बंद. रस्त्यावर गाडी नाही. राहनाळच्या गोदामांकडून कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

मग आवाज आला. टप्.

दामूला हायसं वाटलं. गळतंय तेल. सकाळी दिसेल, पुढे की मागे. पुन्हा... टप्.

आणि मग त्याच्या लक्षात आलं. पिठात पडलेल्या थेंबाला आवाज नसतो.

तो उठला नाही. उठवेना. चिमणीची ज्योत सरळ उभी होती. वारा नव्हता. गाडीच्या सीटखालची स्प्रिंग करकरली. कुणी हळूच बसावं तशी. थोडा वेळ काही नाही. मग पुन्हा करकरली... कुणी उतरावं तशी.

टप्.

या वेळी जवळ.

दामूने डोळे मिटले. देवाचं नाव आठवेना. पाठीमागून, आतल्या खोलीतून, चंद्राचा झोपाळू आवाज आला.

"आत्याबाई... बाळ फिरलं."

"निज," बायजाबाई म्हणाली. "निज गं माझी बाय."

त्यानंतर काही झालं नाही. कोंबडा आरवला. चिमणी आपोआप विझली. उजेड पडला तसे दामूने डोळे उघडले, पिठाकडे पाहिलं, आणि पुसलं. झाडूने नाही, दोन्ही तळहातांनी. भरून बाहेरच्या गटारात टाकलं.

बायजाबाई दारात आली. "काय व्हतं?"

"काय न्हाय."

चंद्रा पिशवी भरून, वेणी घालून तयार होती. तिला रात्रीचं काही माहीत नव्हतं. "थेंब पुढं का मागं?" तिने विचारलं.

"मागं," दामू म्हणाला. "यष्टीनं जाऊ."

काकांनी पुन्हा अडकित्ता उचलला. पण सुपारी कातरली नाही.

"मग?" सुधीर म्हणाला. "नीट झालं का सगळं?"

"झालं. जानेवारीच्या शेवटी मुलगा झाला. धडधाकट आहे. आता चौथं वर्ष लागेल त्याला. चंद्रा खूश, आजी खूश. पण दामूने अजून त्या पोराला कडेवर घेतलेलं नाही. बारशालाही नाही. लोक टोमणे मारतात, पोराला उचलायला लाजतोस का रे म्हणून. तो हसतो आणि विषय बदलतो. गेल्या साली माझ्याकडे आला होता. या ओटीवरच बसला, आणि त्या सकाळी काय पाहिलं ते मला सांगितलं. आईला नाही, बायकोला नाही. मला."

"थेंब खरंच मागे होता?"

"थेंब नव्हताच. ना पुढे, ना मागे. तेलाचा टिपूस नाही."

काकांनी अडकित्ता मिटून खाली ठेवला.

"मागच्या चाकाला लागून एक पाऊल होतं," ते म्हणाले. "उघडं. माझ्या अंगठ्याएवढं. पाची बोटं स्वच्छ उमटलेली. टाच चाकाकडे... बोटं दाराकडे."

"एकच?" नीला म्हणाली.

"एकच. दुसरं उमटायला पुढे पीठ नव्हतं... उंबरठा होता."