पोर्ट्रीच्या धक्क्यावरची सावली

ज्ञानदाला हा सौदा फायद्याचाच वाटला होता. कुवेतच्या जाब्रिया भागातल्या दवाखान्यात ती दिवसभर लोकांचे आखडलेले खांदे सोडवायची, आणि तिची स्वतःची सुट्टी दरवर्षी नाशिकला कांदेपोह्यांत आखडायची. २००५च्या उन्हाळ्यात शेजारचे हरीशकाका आणि कुसुमकाकू स्कॉटलंडच्या स्काय बेटावर निघाले, तशी तिने फोनवर बाबांशी घासाघीस केली. आधी आठवडाभर बेट. मग नाशिकला येऊन बाबांच्या जुन्या मित्राच्या मुलाला, शैलेशला, होकार. न बघता, न कुरकुरता. बाबांनी त्याच संध्याकाळी मित्राला शब्द देऊन टाकला. मिळणार होतं समुद्र, डोंगर, धुकं. आणि द्यायचं काय, तर एक ‘हो’. तोही नंतर!

पोर्ट्री हे त्या बेटावरचं बंदराचं गाव. पाण्याकाठी गुलाबी, निळी, पिवळी घरं, कुणी हौसेने ओढण्या वाळत घातल्यासारखी. त्या दिवशी ढग फाटून ऊन पडलं आणि अख्खं गाव धक्क्यावर पाय सोडून बसलं. काका-काकूही बसले. ज्ञानदाचे पाय मात्र आपोआप वळले ते मासळीच्या दुकानामागच्या सावलीकडे. तिथे एक उंच तरुण आधीच उभा होता. हात काखेत, दात वाजताहेत.

“अगं आई, काय गारठा...” ती पुटपुटली.

“कुवेतला किती वर्षं झाली?” त्याने चक्क मराठीत विचारलं.

ती दचकली. “तुम्हाला कसं कळलं?”

“ऊन दिसलं की भिंत गाठायची... हे आपल्याशिवाय कोण करणार? मीही केव्हाचा इथेच कुडकुडतोय. उन्हात जावं हे सुचलंच नाही.”

“मग जायचं?”

“तुम्ही पुढे व्हा. मला अजून भीती वाटते.”

ती हसली. तिथेच थोडं नुकसान झालं.

त्याचं नाव सलील. पुण्याचा, कुवेतच्या एका पेट्रोकेमिकल कारखान्यात इंजिनिअर. एकटाच आला होता. काकूंनी दोन वाक्यांत त्याची नोकरी, आडनाव आणि लग्न न झाल्याचं काढून घेतलं, आणि तिसऱ्या वाक्यात भाड्याच्या गाडीतली मागची सीट त्याला देऊन टाकली.

दुसऱ्या दिवशी ते स्टॉरच्या डोंगरावर चढले. धुकं हललं, आणि काळे सुळके एकामागून एक उभे राहिले... खाली समुद्र, वर ढग, मधे हिरवं गवत वाऱ्याने झोपलेलं. सलील काहीच बोलला नाही. हेच ज्ञानदाला आवडलं. आजवर बघायला आलेल्या मुलांनी गप्पांत फ्लॅटचं पार्किंगसुद्धा सांगायचं सोडलं नव्हतं. हा एवढ्या डोंगरासमोर गप्प राहू शकत होता. उतरताना काकूंना धाप लागली, तर हाच आधी दगडावर टेकला. “काकू, जरा थांबा हो, मी दमलो!” दमल्याचं मात्र कुठे दिसत नव्हतं.

“एवढं काय बघताय?” त्याने विचारलं.

“डोंगर.”

“डोंगर त्या बाजूला आहे.”

“माहीत आहे मला.”

शेवटच्या संध्याकाळी, नऊ वाजले तरी आभाळात उजेड रेंगाळत असताना, तिने त्याला शैलेशबद्दल सांगितलं.

“न बघता ‘हो’?” सलील हळूच म्हणाला. “एवढ्या स्वस्तात?”

“मला वाटलं, बेट महाग आहे...”

त्याने जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. “मग मी काही बोलणं बरं नाही.” आणि खरंच बोलला नाही. माणूस सभ्य निघाला, याचा तिला आयुष्यात पहिल्यांदा एवढा राग आला.

कुवेतला परतल्यावरही त्याचा फोन नाही. ज्ञानदाचं नाशिकचं विमान जवळ आलं, तशी काकूंनी शुक्रवारी खैरानच्या किनाऱ्यावर सहल काढली, आणि सलीलला बोलावलं ‘सहज’. मटणाचा डबा उघडायच्या आत ज्ञानदा त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“काल बाबांना फोन केला. शैलेशला नाही म्हणून सांगितलं. तुमच्यासाठी नव्हे हं.”

“अजिबात नाही?”

“चाळीस टक्के.”

“पास व्हायला पस्तीस पुरतात!” तो म्हणाला. “बाबा काय म्हणाले?”

“म्हणाले, एवढी लांब स्कॉटलंडला गेलीस आणि मुलगा कुवेतचाच?”

“म्हणजे माझ्याबद्दल आधी त्यांना सांगितलंत? मला न विचारता?”

“तुम्ही नाही म्हणाला असतात?”

वारा भट्टीसारखा गरम होता. सलीलने तिच्या ओढणीचं उडणारं टोक धरलं, आणि सोडलंच नाही.

“ज्ञानदा,” तो म्हणाला, “तू... मला पहिल्या दिवशीच विचारायला हवं होतंस.”

‘तू’ ऐकून ती इतकी लाजली की काकूंनी लांबूनच काकांना कोपर मारलं.

रात्री बाबांचा फोन आला. ते मित्राच्या घरी स्वतः जाऊन आले होते.

“सांगितलं मी त्यांना. शब्द माझा होता, मीच मोडला म्हटलं.” त्यांनी चपला काढल्याचा आवाज आला. “चहासुद्धा विचारला नाही गं त्याने... असू दे. तू त्या पोराला घेऊन ये.”

डोंगर, समुद्र आणि सलील ज्ञानदाला मिळाले. जुळवल्याचं श्रेय कुसुमकाकूंनी परस्पर घेतलं. किंमत मोजली ती नाशिकला बाबांनी एकट्याने, शाळेपासूनचा मित्र देऊन.