अर्थ नसलेली अक्षरं

धाराशिवला रुद्रम्मांच्या घराच्या माडीवर दीपमाला भाड्यानं राहायची. जिना घरातूनच वर जायचा. सकाळी ती कॉलेजात चित्रकला शिकवी आणि दुपारी माडीवर बसून रुंद बोरूनं अक्षरं मोडी. ‘मोडणं’ हा तिचाच शब्द. आजचे कितीतरी अरब चित्रकार अक्षरातला अर्थ काढून टाकतात. उरतात ती नुसती वळणं, ठिपके, उभे दंड. त्या कलेनं तिला झपाटलं होतं. ट्यूनिसची सल्मा नावाची चित्रकर्ती तिला फोनवर शिकवायची. शारजाच्या प्रदर्शनासाठी सल्मा तिचं चित्र सुचवणार होती. अट एकच : अक्षर दिसावं, पण वाचता येऊ नये.

दीपमालाला अरबी येतच नव्हती. मग चुकून शब्द होणार कसा?

पहिल्या चित्राचा फोटो बघून सल्माचा फोन आला. “देखणं आहे. पण तू चक्क अरबीत लिहिलंयस : कुठं आहेस?”

दीपमालानं ते चित्र भिंतीकडं तोंड करून ठेवलं. दुसरं डाव्या हातानं काढलं, वर ते उलटं टांगलं. शेजारचे निसार मास्तर उर्दू शिकवून रिटायर झालेले. त्यांना तिनं मुद्दाम बोलावलं.

“साफ तर लिहिलंय, बेटा. ‘कहाँ हो?’”

“मास्तर, कुठलं अक्षर कुठं आहे, ते दाखवा ना.”

मास्तरांचं बोट रंगावरून बराच वेळ फिरलं. मग ते ओशाळले. “हर्फ तर एकबी न्हाय. पण वाचता येतंय.”

सगळ्यांना वाचता येत होतं. जिनं काढलं तिलाच नुसता काळा रंग दिसत होता. तिनं तिसरं काढलं ते फडक्यानं, रंग नुसता फासून. तेवढ्यात रुद्रम्मा चहा घेऊन वर आल्या. त्यांचं माहेर आळंदचं, शाळा कानडीतली.

“एल्लिद्दी,” त्या सहज वाचून गेल्या. “कुठं हायेस. कानडी कधी शिकलीस गं?”

“आक्का, हे कानडी न्हाय! हे काहीच न्हाय!”

“मग वरडतीस कशाला?” म्हणत त्यांनी कप ठेवला. पण जाताना त्या दारात थबकल्या. “कुणाला विचारतंय गं हे?”

तिसराही फोटो सल्मानं नाकारला. आता चित्र पाठवायचा शेवटचा दिवस होता. दीपमाला रडकुंडीला आली. तिनं पांढऱ्या रंगाचा डबा उघडला आणि तोच कॅनव्हास काठापासून काठापर्यंत लिंपून काढला. एक रेघ ठेवली नाही. घ्या, वाचा आता! रागारागानं तिनं फोटो पाठवून दिला.

बाहेर लख्ख ऊन होतं. खाली दूध तापत ठेवून रुद्रम्मा कप न्यायला वर आल्या. ओल्या पांढऱ्या कॅनव्हाससमोर त्या उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलले.

“आक्का, काय दिसतंय?”

“तुला न्हाय ते.”

“म्हणजे?”

त्यांनी पदर सारखा केला. घरातून कुणी बोलावल्यावर बाईमाणूस ओ देतं, तशा हळू आवाजात म्हणाल्या, “बंदे... बंदे.” आले, आले.

आणि जिना उतरून गेल्या.

फोन वाजला. सल्माचा मेसेज होता : ‘आता फक्त “ये” एवढंच लिहिलंयस. का?’

“आक्का!”

ओ आली नाही.

ती धावत खाली आली. दूध उतू जाऊन गॅस विझला होता. देवघर, मोरी, आतली खोली तिनं पालथी घातली.

रुद्रम्मा कुठंच नव्हत्या.

पुढच्या दाराला आतून कडी होती.

मागच्याही.