पाठमोरा महांतेश

“अक्का, स्वल्प सरका की. रस्ता दिसंना झालाय.”

मी वळून पाहिलं. माझ्याच वयाचा मुलगा, हातात पट्टी… आणि मला म्हणे अक्का! “अक्का त्या, शिकवतायत त्या. मी नीला, निपाणीची,” मी ठसक्यात सांगितलं.

“मग आधी सांगायचं नाही व्हय? मी महांतेश. अथणीचा.” आणि असा हसला, की माझी पट्टीनं ओढलेली रेषासुद्धा वाकडी गेली.

बंगळुरात बसवनगुडीतला आमचा रविवारचा चित्रकलेचा वर्ग. शिवलीला अक्का पर्स्पेक्टिव्ह शिकवत होत्या. डोळ्यांच्या उंचीवर क्षितिजरेषा, तिच्यावर एकच बिंदू, आणि रस्ता, झाडं, कंपाउंडच्या भिंती – सगळं निमुळतं होत त्या बिंदूत नाहीसं. मी खिडकीतला रस्ता काढला. रस्त्यात माणूस हवा, म्हणून महांतेशला काढलं… पाठमोरा. चेहरा काढायचा तर त्याच्याकडे टक लावून बघावं लागलं असतं, आणि मला मेलीला लाज वाटत होती.

पुढच्या रविवारी कागदावरचा महांतेश लहान झालेला. माझंच माप चुकलं असेल, म्हटलं. पण खरा महांतेश शेजारी बसून बोलत होता, आणि आवाज जिन्याखालून आल्यासारखा येत होता.

त्यानंतरच्या रविवारी तो कागदावर मुंगीएवढा उरला. हजेरीत अक्कांनी त्याचं नाव घेतलंच नाही.

“महांतेश राहिला, अक्का.”

“कोण महांतेश?”

तो तिथंच बसला होता, हात वर करून.

“नीला… मी कुठं चाललोय गं?”

मी खोडरबर उचललं आणि थबकले. खोडलं, तर उरलासुरलाही जाईल. मग त्याच्या आणि त्या बिंदूच्या मधे मी एक मुलगी काढली. वेणी, ओढणी, तोंड त्याच्याकडे. मीच ती, वाट अडवून उभी.

“आता जाऊन दाखव,” मी म्हटलं. “आवडतोस तू मला. असा नाही जाऊ देणार.”

“मलाही तू…” त्याचा आवाज अगदी कानाशी आला. अक्कांचा मात्र जिन्याखालून यायला लागला. तेव्हा कळलं – तो जवळ आला नव्हता, मीच त्याच्याइतकी लांब गेले होते.

त्यालाही कळलं. त्यानं खोडरबर माझ्यापुढे सरकवलं. “स्वतःला खोड, नीला. अजून वेळ आहे.”

“आणि तू?”

त्यानं खोडरबर आणखी जवळ सरकवलं. मी खोडरबर खिडकीतून भिरकावून दिलं आणि पेन्सिल त्याच्या हातात दिली. त्यानं कागदावर त्याचा हात माझ्या हातात काढला. बोटं नीट जमली नाहीत, पण धरलाय एवढं कळत होतं.

आता हजेरीत आमचं दोघांचंही नाव नसतं. मागून कुणी हाक मारत नाही. रस्ता निमुळता होत चाललाय, दोन्हीकडच्या भिंती जवळ येतायत, त्यामुळे आम्हाला अगदी खेटून चालावं लागतं… माझी काही तक्रार नाही.