कोण मोकळं आहे?

खिडकी उघडीच राहू द्या. गारवा आहे, कळतंय मला. हवी तर ही शाल घ्या, पण खिडकी लावू नका. का ते शेवटी सांगते.

तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. आमचा तिसरा सिनेमा पाहिलेला प्रत्येक माणूस हाच प्रश्न विचारतो. खुनी एवढा दबकत येतो, बाई समोर मरून पडलेली असते, आणि हा बाबा तिला सोडून खिडकी का फोडतो? दादा सगळ्यांना सांगतो, त्यात खोल अर्थ आहे. लोक मान डोलावतात. अर्थबिर्थ काही नाही. पण तुम्ही आमचे सिनेमे पाहायला इतक्या लांबून आलात, हसण्याच्या जागी मनापासून हसलात, म्हणून खरं काय ते सांगते. दिवा जरा जवळ घ्या.

त्या दिवशी सकाळी मी काळं कापड आणायला गेले होते. आमच्या सिनेमात काळ्या कापडाशिवाय पान हलत नाही. भयपट म्हणजे रात्र, आणि खरी रात्र आम्हाला परवडत नव्हती. रात्री चित्रण करायचं तर दिवे भरपूर लागतात, आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांना नोकऱ्या. दादाचा पासपोर्ट फोटोंचा स्टुडिओ, वहिनी शाळेच्या ऑफिसात, मी दातांच्या कवळ्या करणाऱ्या लॅबमध्ये. म्हणून आम्ही सुट्टीच्या दिवशी भर दुपारी खिडक्यांना काळं कापड लावायचो, कडेने रुंद चिकटपट्टी मारायचो आणि रात्र करायचो. एक फट राहिली तरी दादा ओरडायचा, चंद्र कुठून आला म्हणून.

बाकीचा संसारही तसलाच. कुऱ्हाड थर्माकोलची, वर चंदेरी रंग. रक्त मी करायचे, साखरेचा पाक, खायचा लाल रंग आणि थोडी कोको पावडर. दिसायचं झकास, पण मुंग्या लागायच्या. पहिल्या सिनेमात वहिनीच्या मानेवरून मुंग्यांची रांग गेलेली स्पष्ट दिसते. त्यावर टाळ्या पडल्या होत्या.

वहिनी प्रत्येक सिनेमात पहिली मरायची. फुकट मिळणारी नटी, असं ती स्वतःच म्हणायची. पण मरावं तर तिनेच. पापणी हलायची नाही, छाती वरखाली व्हायची नाही. मुंग्यांच्या प्रकारानंतर आम्ही एक खूण ठरवली होती. फारच त्रास झाला तर तिने डाव्या हाताचा अंगठा हलवायचा, मग आम्ही चित्रण थांबवायचं. त्यामुळे ती मेली की मी कॅमेऱ्याकडे बघायचे नाही, तिच्या अंगठ्याकडे बघायचे.

आणि खुनी. रेनकोटवाला.

त्याचा मुखवटा मी माझ्या लॅबमध्ये केला होता. कवळीच्या हिरड्या ज्या गुलाबी मसाल्याच्या असतात त्याच मसाल्याचा, कडक आणि चकचकीत, आणि वर बिघडलेल्या कवळ्यांचे दात बसवलेले. साचा लंबूच्या चेहऱ्याचा. लंबू दादाचा शाळेपासूनचा मित्र, लिफ्ट दुरुस्त करायचा, आमच्या या इमारतीचीही. आमच्या पहिल्या सिनेमातला खुनी तोच. इतका उंच, की कुठल्याही दारातून आत येताना सवयीने मान वाकवायचा, दार कितीही उंच असलं तरी. आणि इतका मवाळ, की वहिनीवर थर्माकोलची कुऱ्हाड मारून झाली की लगेच खाली बसून विचारायचा, "लागलं नाही ना, वहिनी?" दर वेळी. ती हसून हसून बेजार व्हायची. तो तिला हात देऊन उठवायचा आणि मगच मुखवटा काढायचा.

दुसऱ्या सिनेमाच्या वेळी तो आजारी पडला आणि थोड्याच दिवसांत गेला. आम्ही पार खचलो होतो. दादा सिनेमा बंदच करणार होता, वहिनीने करू दिला नाही. मग खुनी कोण, हा प्रश्न आला. मुखवटा आणि लांब रेनकोट घातला की आत कोण आहे ते कुणाला कळतं? तेव्हापासून दादा खुन्याच्या शॉटआधी हाक मारायचा, "कोण मोकळं आहे?" जो मोकळा असेल तो रेनकोट चढवायचा. कधी मी, कधी मास्तर. मास्तर म्हणजे आमच्या शेजारचे निवृत्त भूगोल शिक्षक, सगळ्या सिनेमांत पोलीस इन्स्पेक्टर. गोलमटोल आणि बुटके. मुखवटा आम्हाला कुणालाच नीट बसायचा नाही. आतून तो लंबूचाच चेहरा होता. नाक दाबलं जायचं, आणि दोन मिनिटांत आतल्या बाजूला श्वासाचे थेंब साचायचे. काढला की पुसून ठेवावा लागायचा.

तर त्या दिवशी पाडायला काढलेला एक बंगला आम्हाला मिळाला होता. मालक ओळखीचा. वीज तोडलेली, म्हणून भाड्याचा जनरेटर आणला. तो अंगणात सुरू केला तर शेजारच्या घरातून तक्रार आली, आवाज फार होतो. दादाने तो स्वयंपाकघरात आणून ठेवला आणि दार ओढून घेतलं. मी प्रत्येक खिडकीला कापड लावलं, कडा चिकटपट्टीने बंद केल्या, दाराखालच्या फटीत चिंध्या कोंबल्या. दादा खूश. म्हणाला, एवढी छान रात्र आपण आजवर केली नव्हती.

आता तुमच्या लक्षात आलं असेल. आमच्या आलं नाही. दिवसभर सगळ्यांचं डोकं दुखत होतं, ते आम्ही उपाशीपोटी काम करण्यावर ढकललं. धुराचा वास येत होता, पण त्या पडक्या घराला वीस प्रकारचे वास होते.

स्वयंपाकघराला लागून एक आतली खोली होती. तिथे फरशीवर वहिनी मेली. मी तिचा चेहरा पांढरा केला, ओठांवर राखाडी रंग लावला, मानेवर रक्त ओतलं. ती म्हणाली, मला जरा झोप येतेय गं. मी म्हटलं, मग बरंच आहे, आज अभिनय करायला नको. दादा कॅमेरा घेऊन एका कोपऱ्यात, मी त्याच्या मागे छोटा निळा दिवा धरून. दिवा वहिनीवर, बाकी सगळा अंधार. जनरेटरची घरघर भिंतीतून पायांत येत होती.

आधी वहिनीचे नुसते शॉट घेतले. लांबून, जवळून, पायांकडून. बराच वेळ गेला. दादा हळू आवाजात म्हणाला, "काय मेलीय बघ... आज कमालच केली हिने." मी अंगठ्याकडे पाहिलं. स्थिर होता. म्हणजे सगळं ठीक.

मग दादाने मान वळवून अंधारात हाक मारली. "कोण मोकळं आहे?"

खोलीबाहेरच्या बोळकांडीतून रेनकोटची सळसळ तेवढी ऐकू आली. रबराच्या दोन बाह्या अंगावर चढताना होते तशी. मग पावलं. सावकाश, एकेक. मला वाटलं, मास्तर आज मनावर घेऊन चालतायत.

तो दारात आला आणि मान वाकवून आत शिरला.

मास्तरांनी त्या दारात उडी मारली असती तरी त्यांचं डोकं चौकटीला लागलं नसतं. हे मला दिसलं. दिसलं आणि त्याच क्षणी निसटलं, इतकं डोकं जड झालं होतं. नुसता पाठीवर काटा आला, आणि मी स्वतःलाच म्हटलं, आपणच केलेल्या मुखवट्याला काय घाबरायचं.

ठरलेलं असं होतं, की त्याने वहिनीजवळ उभं राहायचं, कुऱ्हाड उगारायची, कॅमेऱ्याकडे पाहायचं आणि निघून जायचं. त्याने कॅमेऱ्याकडे पाहिलंच नाही. तो वहिनीशेजारी गुडघ्यांवर बसला. तो गुलाबी, दातांनी भरलेला चेहरा तिच्या तोंडाजवळ नेला, कान लावल्यासारखा. तसाच राहिला. जनरेटर घरघरत होता. मला माझा श्वास ऐकू येत होता, दादाचा ऐकू येत होता... तिसरा कुणाचा येत नव्हता.

"चालू दे..." दादा पुटपुटला. "मास्तर, छान... चालू दे..."

तो उठला. कॅमेऱ्याकडे चक्क पाठ केली, जे आमच्याकडे महापाप आहे, आणि खिडकीकडे गेला. कुऱ्हाड उचलली. पहिला घाव कापडात बसला, दबका. दुसऱ्या घावाला काच फुटली. कापड चिकटपट्टीसकट फाटलं, आणि आमची एवढी मेहनतीची रात्र संपली. दुपारचं पांढरं ऊन धाडकन आत आलं आणि आमचे डोळे मिटले.

डोळे उघडले तेव्हा खिडकीखाली रेनकोटचा ढीग पडला होता. त्यावर मुखवटा, उताणा. बाजूला कुऱ्हाड. खोलीत आम्ही तिघंच.

"कट," दादा म्हणाला. कट म्हटलं की वहिनी लगेच उठून चहा मागायची. ती उठली नाही. मी केलेल्या मेकअपने तिला आधीच मेल्यासारखं करून ठेवलं होतं, चेहऱ्यावरून कळायला मार्ग नव्हता. दादाने पुन्हा म्हटलं, कट. मग तिचं नाव घेऊन म्हटलं. मग त्याने कॅमेरा फरशीवर टाकला. कर्ज काढून घेतलेला तो कॅमेरा त्याने तसा टाकला, तेव्हा मला कळलं.

आम्ही दोघांनी तिला ओढत त्या खिडकीपाशी नेलं, आणि बाहेरून मास्तर धावत आले. ते कधीच बाहेर गेले होते. मळमळायला लागलं म्हणून अंगणातल्या झाडाखाली जाऊन बसले होते, काच फुटल्याचा आवाज ऐकून उठले. त्यांनी बाहेरून धरलं, आम्ही आतून, आणि वहिनीला उन्हात काढलं.

हॉस्पिटलात डॉक्टरीणबाई मानेवरची जखम शोधत बसल्या. कितीही पुसलं तरी जखम सापडेना, बोटं मात्र चिकट. मी रडत रडत सांगितलं, तो साखरेचा पाक आहे. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती आठवली की आजही हसू येतं. मग त्यांनी धुराचं विचारलं, आणि म्हणाल्या, बंद घरात जनरेटरचा धूर म्हणजे विषच, खिडकी फोडायला थोडा जरी उशीर झाला असता तर तुम्ही तिघंही राहिला नसता. ज्याने फोडली त्याचे पाय धरा.

दादा मास्तरांचे पाय धरायला वाकला. मास्तर मागे सरकले. म्हणाले, "अरे, मी मुखवट्याला हातसुद्धा लावला नाही. मी तर बाहेर होतो."

संध्याकाळी वहिनीने डोळे उघडले. दादा तिचा हात धरून बसला होता. तिने आमच्याकडे पाहिलं, मग दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "लंबूभाऊजी गेले का?"

लंबू आता नाही, हे गुंगीत तिला आठवलं नसावं.

"मला विचारत होते... लागलं नाही ना, वहिनी? मी अंगठा हलवत होते रे, पण हलतच नव्हता. मग त्यांनाच म्हटलं, भाऊजी, उठवा ना मला..."

दादा बाहेर जाऊन भिंतीला टेकला आणि लहान पोरासारखा रडला. त्याच्या रडण्यात भीती कमी होती. मित्र गेल्यावर जे रडायचं राहून गेलं होतं, ते होतं बहुतेक.

दुसऱ्या दिवशी मी सामान आणायला त्या बंगल्यात गेले. कुऱ्हाड अख्खी होती. थर्माकोलला पोचा नव्हता, चंदेरी रंगाचा टवकासुद्धा उडाला नव्हता. मुखवटा उलटा केला तर आत थेंब होते. बोट लावलं. कोमट होते.

तो शॉट आम्ही सिनेमात तसाच ठेवला. पडदा पांढरा होतो तिथपर्यंत. शेवटी नावं येतात त्यात खुनी म्हणून लंबूचं नाव आहे, आणि लोक म्हणतात, एवढं साधं भान नाही यांना, माणूस आधीच्याच सिनेमाच्या वेळी वारला होता. म्हणू देत. त्यानंतर आम्ही बरेच सिनेमे केले. सगळे स्वस्त, सगळे वेडगळ, आणि सगळ्यांत वहिनी पहिली मरते आणि कट म्हटलं की चहा मागते. ती चहा मागते तेव्हा माझा ऊर भरून येतो. आणखी काय हवं असतं माणसाला? हे सगळं त्याचं देणं आहे. फक्त दादा आता "कोण मोकळं आहे" असं विचारत नाही. ज्याला बोलवायचं त्याला नावाने बोलावतो.

हो, खिडकीचं राहिलं. मुखवटा मी त्या कपाटात ठेवते. रोज पुसते, रोज कोरडा असतो. आज दुपारीही कोरडा होता. मघाशी तुम्ही आलात, चहा ठेवता ठेवता म्हटलं, तुम्हाला दाखवावा, म्हणून कपाट उघडलं. हात घातला तर आतून ओला. थेंब माझ्या बोटांवर आले.

मी गॅस बंद केला. सगळे दिवे मालवले, हा एवढाच ठेवला. खिडकी उघडली. वहिनीला पाहून आले, ती आत छान झोपलीय, घोरतेय सुद्धा. कपाटाशी जाऊन म्हटलं, लंबू, तुझे उपकार आहेत बाबा, कळलं मला. पण काय कळलं, ते अजून मला कळलेलं नाही. आत्ता तुम्ही हात धुवायला गेला होतात तेव्हा पुन्हा पाहिला, ओलाच आहे.

तुम्ही वर कसे आलात? लिफ्टने?

मग जाताना जिन्याने जा. मी दिवा घेऊन खालपर्यंत येते.