खालच्या गल्लीचा चार्ज

दिवा जरा इकडे सरकव, म्हणजे सांगते.

त्या दिवशी सकाळी आमच्या पोलीस ठाण्याच्या नव्या सभागृहाला फौजदारसाहेबांचं नाव दिलं. गावभर त्यांना शिट्टीसाहेब म्हणत. वाहतूक तुंबो नाहीतर भांडण पेटो, आधी शिट्टी, मग शब्द. पूर आला तेव्हा एकेक दार ठोठावून त्यांनी खालची गल्ली रिकामी केली, सगळ्यांना टेकडीवर चढवलं, आणि ‘कुणी राहिलं नाही ना, एकदा बघून येतो’ म्हणून जे परत खाली गेले ते गेलेच.

मी त्यांच्याच हाताखालची शिपाई. समारंभात भाषणं झाली, टाळ्या झाल्या, पण त्यांच्या आई आल्या नाहीत. म्हणून संध्याकाळी पदकाची डबी देऊन मला त्यांच्या घरी पाठवलं.

खालच्या गल्लीत आता त्या एकट्याच राहत. बाकीची कुटुंबं टेकडीवरच्या वसाहतीत गेली होती. दारांना कुलपं, भिंतींवर छातीएवढ्या उंचीची चिखलाची रेघ, हवेत भिजून वाळलेल्या गाद्यांचा वास. उजेड मावळत होता, पण अंधार काही पडत नव्हता. सगळं पाण्याखालून पाहावं तसं हिरवट, संथ दिसत होतं. माझ्याच बुटांचा आवाज मला जरा उशिरा ऐकू येत होता.

आईंनी पदक हातात घेतलं, अंगठ्यानं पुसलं आणि मला परत दिलं.

“मला कशाला? त्यालाच दे. येईलच आता.”

मी पदक मुठीत धरलं.

“रोज येतो,” त्या म्हणाल्या. दूधवाल्याबद्दल बोलावं इतक्या सहज. “दारं वाजवत फिरतो. माझं ऐकेल तर शपथ! म्हणतो, अजून बघायचंय. तू त्याच्या खात्यातली ना? तू सांग गं त्याला, पुरे म्हणावं... फार दमलाय तो.”

एवढ्यात गल्लीच्या टोकाला शिट्टी वाजली. दबकी, आत पाणी गेल्यासारखी. मग एका दारावर थाप. मग पुढच्या. मग त्याच्या पुढच्या.

गल्लीत पाण्याचा टिपूस नव्हता, शपथेवर सांगते. तरी कमरेएवढ्या पाण्यातून कुणी वाट काढावी तसा आवाज जवळ येत होता. त्याच्याआधी नदीचा वास आला, आणि मग ते उंबऱ्यापाशी येऊन थांबले. रेनकोट, टोपी, टोपीखाली नुसती सावली. खरं तर मी किंचाळायला हवं होतं. पण झोपेत असल्यासारखं अंग हलकं झालं होतं. हात आपोआप सलामाला गेला.

“साहेब... गल्ली रिकामी आहे. सगळे सुखरूप वर पोचले. चार्ज माझ्याकडे द्या. तुमची ड्यूटी संपली.”

टोपी एकेका बंद दाराकडे वळली, रेनकोटावरून पाणी ठिबकलं.

“सगळे...?”

“सगळे, साहेब.”

मी पदक पुढे केलं. गार बोटं तळव्याला लागली आणि पदक गेलं. साहेबांनी टाचा जुळवून सलाम ठोकला. मला, एका शिपायाला! मग आईंकडे वळून म्हणाले, “येतो गं.”

“जा बाळा,” आई म्हणाल्या. “झोप आता.”

पुढच्या क्षणी उंबऱ्यात फक्त संध्याकाळ उरली होती.

आई रडल्या, मग रडता रडताच हसल्या. “चल, आता येते मी टेकडीवर,” आपणहून म्हणाल्या. मी त्यांचं गाठोडं काखोटीला मारलं, दोघी बाहेर पडलो. मी दार ओढून घेतलं, आणि तेव्हाच समोरच्या घरातून आवाज आला. बाईचा... अगदी हळू.

“आणि आम्ही...?”

मी उत्तर द्यायला वळले. आईंनी माझं मनगट घट्ट धरलं.

“बोलू नकोस,” त्या कुजबुजल्या. “त्या घरात पुराच्या कितीतरी आधीपासून कुणी राहत नाही.”

समोरच्या दाराला बाहेरून गंजकं कुलूप होतं. आणि आतून कुणीतरी, सावकाश, कडी काढत होतं.